राजा नेमका कसा मरतो? : ‘ह्नेफाताफ्ल’बद्दल वाचकांचे प्रश्न

उत्तरेकडच्या नॉर्स लोकांचा, म्हणजे ज्यांना आपण सरसकट व्हायकिंग म्हणतो त्यांचा, हा पटावरचा खेळ. मधे राजा आणि त्याचे रक्षक, भोवती दुप्पट हल्लेखोर; राजाने निसटायचं, हल्लेखोरांनी त्याला पकडायचं. मागच्या अंकात त्याची ओळख छापल्यापासून प्रश्न येत आहेत. निम्मे प्रश्न एकाच गोष्टीपाशी येऊन थांबतात : राजा कधी मेला असं धरायचं? त्यामुळे त्या उत्तराला जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : नावाचा उच्चार कसा करायचा? एका ठिकाणी ‘नेफाटाफेल’ वाचलं, दुसरीकडे नुसतं ‘ताफ्ल’.

लिहिताना ‘ह्नेफाताफ्ल’ लिहा. बोलताना सुरुवातीचा ‘ह’ जवळजवळ श्वासाइतकाच असतो, तो गाळून ‘नेफाताफ्ल’ म्हटलंत तरी कुणी हसणार नाही. जुन्या नॉर्स भाषेत मधला ‘फ’ हा ‘व’च्या जवळ जायचा, म्हणजे त्या काळचा माणूस ‘ह्नेवातावल’सारखं काहीतरी म्हणत असणार. आजचा आइसलँडर ‘ताफ्ल’ला ‘ताप्ल’ म्हणतो. ‘ताफ्ल’ म्हणजे पट, लॅटिन ‘ताबुला’वरून आलेला शब्द. ‘ह्नेफी’ म्हणजे मूठ, आणि खेळात राजाच्या सोंगटीचं तेच नाव. म्हणून ‘ह्नेफीचा पट’.

नुसतं ‘ताफ्ल’ वाचलंत तर मात्र जरा थांबा. तो शब्द पटावरच्या कुठल्याही खेळाला चालायचा. पुढे बुद्धिबळ आलं तेव्हा त्यालाही ‘स्काकताफ्ल’ म्हणू लागले. त्यामुळे जुन्या कथेत कुणी ‘ताफ्ल’ खेळत बसलं आहे एवढ्यावरून तो हाच खेळ असं ठरवता येत नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांचा जार्ल, म्हणजे सरदार, रोग्नवाल्ड काली याने एका कडव्यात स्वतःला येणाऱ्या नऊ कला मोजून दाखवल्या आहेत. त्यांत पहिलीच कला ताफ्लची, पण कुठलं ताफ्ल हे तो सांगत नाही.

प्रश्न : घरी पट करायचा आहे. किती घरं, किती सोंगट्या, काय मापं?

11 × 11 चा करा. आज जगात सर्वांत जास्त खेळला जातो तो हाच आकार. सोंगट्या एकूण 37 : हल्लेखोर 24, रक्षक 12 आणि राजा 1. दोन-तीन जादा करून ठेवा, हरवतातच.

घर साडेतीन सेंटिमीटरचं ठेवलं तर पट साडेअडतीस सेंटिमीटर भरतो. चारही बाजूंना दोन-दोन सेंटिमीटर कड सोडली की साडेबेचाळीस. 12 मिलिमीटर जाडीचं प्लायवूड पुरतं. रेघा आखताना पट्टी एका घरावरून उचलून पुढच्या घराला लावत जाऊ नका. दर वेळी अर्धा मिलिमीटर चुकला तरी दहाव्या रेघेला पाच मिलिमीटरचा फरक पडतो आणि शेवटची ओळ डोळ्याला खुपेल इतकी अरुंद निघते. सगळी मापं एकाच कडेपासून घ्या : 3.5, 7, 10.5, 14 अशी. दोन्ही टोकांना खुणा करा आणि मगच रेघ ओढा.

सोंगटीचा व्यास घराच्या दोन तृतीयांशाच्या आसपास हवा, म्हणजे सव्वादोन सेंटिमीटर. याहून मोठ्या केल्या तर दोघांच्या मधली सोंगटी उचलताना शेजारच्या हलतात आणि कोण कुठे होतं यावरून वाद सुरू होतात. राजा उंच करा, इतरांच्या निदान दीडपट. नुसता वेगळा रंग पुरत नाही, कारण पटाकडे तिरक्या नजरेने बघणाऱ्याला तो रक्षकांच्या गर्दीत चटकन सापडत नाही.

पटाची घरं बुद्धिबळासारखी काळी-पांढरी करू नका. इथे तिरकी चालच नाही, त्यामुळे दोन रंगांचा उपयोग शून्य आणि चार कोपरे मात्र झाकले जातात. मधलं घर, म्हणजे सिंहासन, आणि चार कोपरे एवढीच पाच घरं ठळक रंगवा किंवा त्यांवर खूण कोरा.

प्रवासासाठी भोकांचा पट सर्वांत चांगला. भोक खुंटीपेक्षा अर्धा मिलिमीटर मोठं घ्या. नेमकं मापाचं केलं तर लाकूड दमट हवेत फुगून खुंट्या अडकतात. आयर्लंडमधल्या बॅलिंडेरी इथे 1932 मध्ये सापडलेला दहाव्या शतकातला लाकडी पट असाच आहे : सात गुणिले सात भोकं, मधल्या भोकाभोवती वर्तुळ, कोपऱ्यांवर पाव वर्तुळं आणि धरायला दोन बाजूंना कोरीव मुठी. ठळक घरं कुठली असावीत याचा याहून चांगला नमुना शोधायची गरज नाही.

प्रश्न : मांडणी सांगा. चित्र बघून मांडतो, पण प्रत्येक चित्रात वेगळी दिसते.

वेगवेगळ्या मांडण्या आहेतच. इथे सर्वांत रुळलेली देतो. पुढच्या उत्तरांत घरांचे आकडे लागतील, म्हणून आधी एक सोय करून घेऊ : उभ्या ओळी डावीकडून 1 ते 11, आडव्या रांगा खालून 1 ते 11. पहिला आकडा ओळीचा, दुसरा रांगेचा. खालचा डावा कोपरा 1-1, सिंहासन 6-6.

राजा 6-6 वर. त्याच्या चारही बाजूंना सरळ रेषेत दोन-दोन रक्षक, म्हणजे आठ. राजाच्या चार तिरक्या शेजारघरांत एकेक, म्हणजे चार. झाले बारा.

हल्लेखोर प्रत्येक कडेला सहा. कडेच्या मधल्या पाच घरांवर पाच, आणि त्यांतल्या मधल्याच्या पुढे, पटाच्या आतल्या बाजूला, सहावा. खालच्या कडेला ते 4-1, 5-1, 6-1, 7-1, 8-1 आणि 6-2 असे बसतात. 6-2 चा हल्लेखोर आणि 6-4 चा रक्षक यांच्यात एकच घर रिकामं राहतं. तसं दिसत नसेल तर मांडणी चुकली आहे. पहिली चाल हल्लेखोरांची.

प्रश्न : सोंगटी मारण्याचे नियम थोडक्यात द्याल का?

सगळ्या सोंगट्या बुद्धिबळातल्या हत्तीसारख्या चालतात : उभं किंवा आडवं, वाटेत कुणी नसेल तिथवर. उडी नाही. समोरच्याची सोंगटी तुमच्या दोन सोंगट्यांच्या मधे, एकाच रेषेत, चिमटीत सापडली की ती मेली. तिरकी चिमटी चालत नाही.

नवखे नेहमी चुकतात ते असं. चिमटी तुमच्या चालीने पूर्ण झाली पाहिजे. दोन शत्रूंच्या मधल्या रिकाम्या घरात तुम्ही स्वतःहून जाऊन बसलात तर काही होत नाही, तिथे तुम्ही सुखरूप. एका चालीत दोन किंवा तीन वेगवेगळ्या चिमट्या पूर्ण झाल्या तर सगळ्या उचलायच्या. पटाची कड चिमटीचं दुसरं टोक होत नाही. कोपरा मात्र होतो : कोपऱ्याला लागून बसलेल्या सोंगटीला पलीकडून एकानेच दाबलं तरी ती मरते. रिकामं सिंहासनही तसंच वागतं.

कोपऱ्यांत आणि सिंहासनावर राजाखेरीज कुणी थांबायचं नाही. राजा कोपऱ्यात पोचला की रक्षक जिंकले. राजा सापडला की हल्लेखोर.

प्रश्न : आम्ही नऊ घरांचा ‘तबलुत’ खेळतो. दर वेळी राजाच जिंकतो. हल्लेखोर सोळा आणि रक्षक आठ, तरीही! आमचं काय चुकतंय?

तुमचं काही चुकत नाही, तुमच्या हातातला नियम चुकला आहे. आणि तो चुकून दोनशे वर्षं उलटून गेली.

या खेळाचे पट आणि सोंगट्या ढिगाने सापडतात, पण नॉर्स लोकांनी त्याचे नियम कुठे लिहून ठेवलेले नाहीत. कथांमधले उल्लेख खेळ माहीत असलेल्यांसाठी आहेत, त्यांत शिकवणं नाही. चालू खेळाचे नियम बघून उतरवून घेतलेली सर्वांत नेमकी नोंद आहे ती कार्ल लिनियसची, हाच तो पुढे वनस्पतींना दोन शब्दांची नावं देणारा. 1732 मध्ये, पंचविशीत असताना, तो लॅपलँडमध्ये, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या उत्तर टोकाच्या भागात, फिरला. तिथले मूळ रहिवासी सामी लोक ‘तबलुत’, म्हणजे याच खेळाचा नऊ घरांचा प्रकार, खेळताना त्याने पाहिले आणि डायरीत पट काढून लॅटिनमध्ये नियम टिपले. मधे स्वीडिश राजा आणि त्याचे आठ जण, भोवती सोळा मस्कोवाइट म्हणजे रशियन. पटाच्या कुठल्याही कडेला पोचला की राजा सुटला.

राजाबद्दल लिनियसने तीन परिस्थिती वेगळ्या काढल्या. तो सिंहासनावर असेल तर चारही बाजूंनी चार हल्लेखोर लागतात. सिंहासनाला लागून असेल तर उरलेल्या तीन बाजूंनी तीन, चौथी बाजू सिंहासन अडवतं. याहून दूर गेला की तो बाकीच्यांसारखाच : दोघांच्या चिमटीत मेला.

ही डायरी इंग्रजीत छापली गेली 1811 मध्ये, जेम्स एडवर्ड स्मिथ यांच्या संपादनाखाली. त्या भाषांतरात तिसरी परिस्थिती हरवली. चिमटीचा सामान्य नियम राजाला लागू नाही, त्याला कुठेही चौघांनीच घेरलं पाहिजे, असा अर्थ उतरला. पुढच्या खेळ-इतिहासकारांनी मूळ लॅटिनऐवजी हे इंग्रजी घेतलं, त्यावरून पुस्तकं झाली आणि पुस्तकांवरून विकतच्या खेळाच्या खोक्यांतली माहितीपत्रकं.

आता पटावर काय होतं बघा. नऊ घरांच्या पटाला चार कडा मिळून 32 घरं. राजाला यांतलं कुठलंही एक पुरतं. त्याला अडवायला हल्लेखोरांनी पांगावं लागतं, आणि मारायला चौघांनी एकाच वेळी त्याच्याभोवती जमावं लागतं. दोन्ही एकदम होत नाही. शिवाय राजा कडेच्या दिशेने निघाला की तो हवा तिथे निर्धास्त थांबू शकतो, कारण एकट्या-दुकट्या हल्लेखोराची त्याला भीतीच नाही. दोघांची चिमटी परत आणा, आणि राजाला प्रत्येक उघड्या घरात थांबण्याआधी दोन्ही बाजू बघाव्या लागतील. त्या क्षणी डाव बरोबरीचा वाटू लागतो.

नियम दुरुस्त करताना एक जोडी लक्षात ठेवा. राजा कडेला सुटत असेल तर त्याला दोघांनी मारता आलं पाहिजे. राजा कोपऱ्यातच सुटत असेल तर चौघांची अट ठेवा. कडेला सुटणारा आणि चौघांनीच मरणारा राजा हरत नाही, तो तुमचा अनुभव आहेच. उलट मोठ्या पटावर कोपऱ्यांतच सुटणारा आणि दोघांनी मरणारा राजा फार काळ जगत नाही. अपवाद सात घरांच्या पटाचा, त्याबद्दल पुढे.

प्रश्न : ‘राइची’ आणि ‘तुइची’ हे काय प्रकरण आहे?

तेही लिनियसच्याच डायरीतलं. राजाला कडेपर्यंत एक मोकळी वाट मिळाली की त्याच्या बाजूचा खेळाडू ‘राइची’ म्हणतो, म्हणजे शहासारखी सूचना. हल्लेखोराने त्याच चालीत ती वाट बुजवायची. एकदम दोन वाटा उघडल्या तर ‘तुइची’. एका चालीत दोन वाटा बुजत नाहीत, म्हणजे डाव संपला. (अपवाद एकच, त्या चालीत राजालाच चिमटीत घेता आलं तर. म्हणून ‘तुइची’ म्हणण्याआधी राजाच्या दोन्ही बाजू बघा.) मोठ्या पटावर, कोपऱ्यांच्या खेळात, ही सूचना द्यायचा नियम नाही. शिकवताना द्यावी.

प्रश्न : राजा स्वतः मारू शकतो का? आमच्याकडे यावरून दोन तट पडले आहेत.

दोन्ही तट बरोबर. ‘हेर्वर सागा’ या कथेत कोड्यांची एक झटापट आहे. त्यातलं एक कोडं असं : आपल्या निःशस्त्र स्वामीभोवती लढणाऱ्या त्या स्त्रिया कोण, ज्यांतल्या सावळ्या सदा राखण करतात आणि गोऱ्या चाल करून जातात? उत्तर : ह्नेफाताफ्ल. स्वामी निःशस्त्र, म्हणजे राजा चिमटीचं टोक होत नाही, असा त्यावरून अर्थ काढणारे आहेत. आजच्या कोपनहेगन नियमांत, म्हणजे 11 घरांच्या पटासाठी रूढ असलेल्या एका नियमावलीत, मात्र राजा इतर रक्षकांसारखाच मारतो.

माझा कल सशस्त्र राजाकडे. निःशस्त्र राजा शेवटी शेवटी, रक्षक तीन-चारच उरल्यावर, नुसताच पळत राहतो आणि डाव कंटाळवाणा होतो. पण रक्षकांकडे जास्त मुरलेला खेळाडू असेल तर राजाचं शस्त्र काढून घेणं ही सूट द्यायची सोपी पद्धत आहे.

प्रश्न : 11 घरांच्या पटावर माझा भाऊ सुरुवातीलाच चारही कोपरे बंद करतो. मग काय करायचं?

तुमच्या भावाला पट कळला आहे.

कोपरा बंद करायचे दोन मार्ग. नवखा हल्लेखोर 1-2 आणि 2-1 वर, कोपऱ्याला खेटून, दोन सोंगट्या ठेवतो. हे पडतं. कोपरा चिमटीचं टोक असल्यामुळे तुमचा एक रक्षक 1-3 वर आला की 1-2 ची सोंगटी उचलली. जाणता हल्लेखोर एक घर मागे राहून तिरकी रेघ लावतो : 1-3, 2-2, 3-1. राजा तिरका जात नाही, म्हणून यातून वाट नाही. आणि या तिघांना मारताही येत नाही. 1-3 ला मारायला 1-2 आणि 1-4 दोन्ही हवेत, पण 1-2 रेघेच्या आत आहे, तिथे तुम्ही पोचूच शकत नाही. 2-2 चं तसंच. 3-1 चंही.

वाईट बातमी पुढे आहे. ही रेघ मूळ मांडणीतून फक्त तीन चालींत लागते : 1-4 ची सोंगटी 1-3 ला, 4-1 ची 3-1 ला, आणि 2-6 ची सरळ खाली 2-2 ला. चार कोपऱ्यांना बारा चाली आणि बारा सोंगट्या. आतल्या बाजूचे चार हल्लेखोर बरोबर चार कोपऱ्यांना एकेक पुरतात.

उपाय एकच, आणि तो लवकरचा : निदान दोन कोपऱ्यांच्या तिरक्या घरांवर, म्हणजे 2-2 सारख्या जागी, रेघ पूर्ण होण्याआधी आपला रक्षक पोचवा. एक रक्षक आत असला तरी ती रेघ फोडता येते, कारण आता आतून चिमटी लावायला माणूस आहे.

घाईत मात्र एक ठरलेली चूक होते. 4-6 चा रक्षक एका चालीत खाली 4-2 पर्यंत जातो आणि पुढच्या चालीत डावीकडे 2-2. दोनच चाली, म्हणून मोह होतो. पण 4-2 च्या खाली 4-1 चा हल्लेखोर बसलाच आहे, आणि तुमचा रक्षक हलल्यामुळे चौथी ओळ वरपासून मोकळी झाली. वरच्या कडेचा 4-11 सरळ सरकत 4-3 वर येतो आणि चिमटी पूर्ण. रक्षक गेला, आणि शत्रू तुमच्या अंगणात. त्याऐवजी 4-3 वर थांबा. तिथे चारही बाजू रिकाम्या आहेत, हल्लेखोराला चिमटीसाठी दोन सोंगट्या आणाव्या लागतील. एक चाल जास्त लागते, सोंगटी वाचते.

चारही कोपरे बंद झालेच असतील तर हिशोब करा : त्याच्या बारा सोंगट्या कोपऱ्यांत अडकून पडल्या आहेत, मोकळ्या बाराच. तुमचे सगळे रक्षक शाबूत असतील तर पटाच्या मधल्या भागात तुमचं बळ राजा धरून त्याच्यापेक्षा एकाने जास्त. तेव्हा कोपऱ्यांकडे धावणं सोडा आणि मारामारी करा. कोपनहेगन नियमांत आणखी एक वाट आहे, ‘कडेचा किल्ला’ : राजा पटाच्या कडेला लागून आहे, त्याला हलायला निदान एक घर आहे, आणि भोवतीची रक्षकांची भिंत हल्लेखोरांना फोडता येणार नाही, अशी स्थिती झाली की रक्षक जिंकले.

प्रश्न : एका चालीत माझे कडेवरचे तीन हल्लेखोर उचलले गेले. मधे चिमटी कुठेच नव्हती!

ही ढालींची भिंत, कोपनहेगन नियमांतलीच. कडेला लागून सलग दोन किंवा जास्त सोंगट्या असतील, प्रत्येकीच्या समोर शत्रू असेल आणि रांगेची दोन्ही टोकंही शत्रूने दाबली, तर सबंध रांग एकदम मरते. एक टोक कोपऱ्याने दाबलेलं असलं तरी चालतं. रांगेत राजा असेल तर तो सोडून बाकीचे मरतात. शेवटची सोंगटी टोकाला येऊन बसली पाहिजे, समोरून नव्हे. तसं झालं असेल तर तुमच्या सोंगट्या कायदेशीर गेल्या. फेटलर नियमांत, म्हणजे शेटलंडमधल्या फेटलर बेटावरच्या स्पर्धेमुळे रूढ झालेल्या नियमांत, ही भिंत नाही. कुठल्या नियमांनी खेळतो आहोत हे आधी बोलून घ्या.

प्रश्न : हल्लेखोरांकडून खेळताना मी भराभर रक्षक मारतो, तरी हरतो. असं का?

कारण भराभर मारता. प्रत्येक मारलेला रक्षक म्हणजे राजाच्या वाटेतला एक अडथळा कमी. रक्षक सुरुवातीला राजाला राखतात तितकेच अडवतातही. चांगला रक्षक खेळाडू एखादी सोंगटी मुद्दाम चिमटीत देतो, तुमचा हल्लेखोर ती मारायला जागेवरून हलला की त्याने सोडलेल्या ओळीतून राजा निघतो. मारण्याआधी एवढंच बघा : जी सोंगटी मारायला हलणार आहे, ती जिथून उठली ती ओळ आणि ती रांग राजासाठी उघडते का? उघडत असेल तर मारू नका.

पहिल्या दहा-बारा चाली कोपऱ्यांच्या रेघांना आणि लांबच्या वेढ्याला द्या. वेढा राजापासून दूर असावा आणि हळूहळू आवळावा. राजासकट सगळ्या रक्षकांभोवती अखंड कडं झालं तर कोपनहेगन नियमांत तिथेच हल्लेखोर जिंकतात, राजाला गाठायचीही गरज नाही. आणि राजाला कडेला ढकलू नका. चौघांच्या अटीत कडेवरच्या राजाला चौथी बाजूच नसते, तो तिथे मरत नाही.

प्रश्न : मुलांसाठी छोटा खेळ आहे का?

आहे, आयरिश ‘ब्रांडुव’, म्हणजे काळा कावळा. सात गुणिले सात घरं. राजा मधे, त्याच्या चार बाजूंना एकेक रक्षक, आणि प्रत्येक दिशेला त्याच रेषेत पुढची दोन घरं हल्लेखोरांची, म्हणजे आठ. एकूण तेरा सोंगट्या. राजा कोपऱ्यात सुटतो आणि सिंहासनापासून दूर असेल तर दोघांच्या चिमटीत मरतो. वर सांगितलेल्या जोडीत हे बसत नाही, पण इथे चालतं : चार कोपऱ्यांना तिरक्या रेघा लावायला बारा सोंगट्या लागतात आणि हल्लेखोरांकडे आहेत आठ. पंधरा मिनिटांत डाव उरकतो.

प्रश्न : फासे टाकायचे का?

नाही. लिनियसच्या नोंदीत फासे नाहीत आणि आजच्या कुठल्याही स्पर्धेत नाहीत.

प्रश्न : ‘व्हायकिंग बुद्धिबळ’ म्हणून एका मित्राने लाकडी ठोकळ्यांचा खेळ आणला. तोच का हा?

तो ‘कुब’. मैदानावर दहा ठोकळे आणि मधे एक राजा उभा करून सहा दांडक्यांनी पाडायचे. छान खेळ आहे, पण पटाशी त्याचा काही संबंध नाही. खरंतर ह्नेफाताफ्ललाही ‘व्हायकिंग बुद्धिबळ’ म्हणू नये. बुद्धिबळ उत्तरेत पोचलं ते नंतर, आणि त्यानेच याला पटावरून उठवलं. कडेकोपऱ्यांत तो बराच टिकला : वेल्समध्ये ‘तावलबुर्द’ या नावाने, 11 घरांच्या पटावर, राजा आणि बारा विरुद्ध चोवीस अशी 1587 ची नोंद आहे, आणि लॅपलँडचं वर आलंच.

प्रश्न : दोन्ही बाजू सारख्या नाहीत, मग स्पर्धा घ्यायची कशी?

प्रत्येक जोडीला दोन डाव द्या, बाजू बदलून. दोन्ही डाव एकानेच जिंकले तर प्रश्न मिटला. एकेक जिंकला आणि दोघेही राजाकडून जिंकले असतील, तर ज्याने कमी चालींत राजा बाहेर काढला तो पुढे. दोघेही हल्लेखोरांकडून जिंकले तर ज्याने कमी चालींत कोंडी केली तो. यासाठी चाली मोजायला तिसरा माणूस बसवा, खेळणाऱ्यांचं मोजणं दहाव्या चालीनंतर चुकतं. त्याच त्या चाली पुन्हा पुन्हा करून डाव ताणता येणार नाही, हेही आधीच जाहीर करा : तीच स्थिती तिसऱ्यांदा आली की ती आणणाऱ्याने दुसरी चाल करायची, नाहीतर डाव सोडायचा. आणि पहिल्या डावाआधी चार गोष्टी कागदावर लिहून पटाशेजारी ठेवा : राजा कुठे सुटतो, कितीजणांनी मरतो, स्वतः मारतो की नाही, आणि रिकाम्या सिंहासनावरून इतरांना पलीकडे जाता येतं की नाही.